काशीनाथ रोकडे यांची धावपट्टी

साल एकोणीसशे ब्याऐंशी. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. आमच्या संस्थेच्या धावपट्टीवर त्या वेळी हजर असलेली माणसं अशी: विश्वस्तांचे अध्यक्ष, ज्यांना सगळे शेठजी म्हणत. संस्थेचे संचालक साहेब. स्क्वाड्रन लीडर मेहरा, हवाई दलातून निवृत्त, त्या दिवशीचे वैमानिक. पूजा सांगणारे गुरुजी. इस्माईल मुकादम, आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. काशीनाथ रोकडे, धावपट्टी कामगार. आणि मी, संस्थेची कार्यालय प्रमुख, हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन. याशिवाय विद्यार्थी, पालक, आसपासच्या गावांतले लोक आणि खोपोलीहून बोलावलेला एक फोटोग्राफर.

या यादीतले मेहरा साहेब त्याच दिवशी दुपारच्या आत गेले. रोकडे यांची नोकरी दोन महिन्यांनी गेली, आणि आता रोकडेही नाहीत. त्यांच्याविषयी चौकशीच्या कागदांत एक वाक्य आहे. ते खोटं आहे. ते खोटं आहे हे ठाऊक असलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आमची संस्था खालापूरजवळ. तिथे हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, विमानदुरुस्ती शिकवतात. धावपट्टी युद्धाच्या काळात इंग्रजांनी घाईघाईत करून ठेवलेली, पुढे ओस पडलेली. संस्थेनं ती डांबर घालून वापरात आणली. आसपासचे लोक तिला नुसतं पट्टी म्हणत. मी एकोणसत्तर साली कर्जतहून एसटीनं ये-जा करत भांडार कारकून म्हणून लागले, तेव्हा रोकडे तिथे आधीपासून होते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी ते खिडकीशी मागणीचा कागद घेऊन आले. वस्तू: तेलाचा रिकामा डबा, एक. कारण: खडे वेचणे.

मी विचारलं, "खडे कुठले वेचायचे?"

"पट्टीवरचे."

"रोज?"

"रोज नाय वेचले तर उद्या दुप्पट व्हतात, बाई."

मी डबा दिला. त्यांनी त्याला तारेची कडी केली आणि पुढची तेरा वर्षं तोच डबा वापरला. गंजला की ठोकून, रंगवून परत तोच.

रोकडे उंचीनं बेताचे, रंगानं काळे, मान कायम खाली. माणसाशी बोलतानाही ते त्याच्या पायांकडे बघत. सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस लाजाळू आहे किंवा दबलेला आहे. दोन्ही नव्हतं. ते चपला बघायचे. कोणाच्या चपलेच्या तळाला खिळा निघालाय, कोणाच्या बुटात खडी अडकलीय. पट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाय उचलायला लावायचे, आणि त्यातून संचालक साहेबही सुटले नव्हते. घोड्याच्या नालाची पाहणी करावी तसे ते साहेबांचा बूट हातात धरून बघत, आणि साहेब एका पायावर उभे.

सकाळी साडेसहाला त्यांची फेरी सुरू व्हायची. जाताना डावी बाजू, येताना उजवी, मग मधली रेघ धरून पुन्हा एकदा. तीन खेपा. पावसाळ्यात इरलं घेऊन, थंडीत कानाला फडकं बांधून. आठच्या सुमाराला ते कार्यालयासमोर वर्तमानपत्र पसरून डबा ओतत. खडे एका बाजूला, लोखंड दुसऱ्या, पिसं आणि विड्यांची थोटकं तिसऱ्या. मग प्रत्येक वस्तू कुठली, याचा शोध.

इस्माईल मुकादम तेवढ्यासाठी बंबावरून उतरून यायचा. त्याचं घर मूळचं मुरुडकडचं, पण दोन पिढ्या खालापुरात. "काय काशा, आज काय पिकलं?"

रोकडे एक वायसर उचलून त्याच्यासमोर धरायचे. "ही तुजी."

"कशावरनं?"

"काल तुज्या गाडीखाली तेल व्हतं, ह्याच्यावरबी तेलच हाय. इस्माईल, तुजी गाडी रोज थोडीथोडी पट्टीवर पडतीय. एक दिस नुसतं स्टेरिंग धरून घरी जाशील."

"मग तूच डब्यातून गाडी जोडून दे की रं. सगळे पार्ट तुज्याकडंच हायत."

हे रोजचं होतं. ज्या दिवशी डब्यात इस्माईलच्या बंबाचं काही नसे, त्या दिवशी दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

रोकडे यांची दुसरी सवय मला फार उशिरा समजली. फुटलेली वस्तू ते टाकू देत नसत. आधी जोडून बघत. एकदा कॅन्टीनमध्ये एका विद्यार्थ्याच्या हातून कप पडला. पोऱ्यानं तुकडे झाडून सुपलीत घेतले, तर रोकडे त्याच्याकडून सुपली घेऊन टेबलाशी बसले आणि कप रचायला लागले. पोरं हसायला लागली. मी घड्याळ बघत होते, कारण त्यांना दुसऱ्या कामाला पाठवायचं होतं.

"रोकडे, कपाचं काय एवढं?"

"कान गावला नाय, बाई."

"नवा कप देते."

"कपाचं नाय वो. कान कुठंतरी हाय. कुनाच्या तरी पायातनं हँगरात जानार, तिथनं पट्टीवर."

त्यांनी सगळ्या पोरांना बूट काढायला लावले. कपाचा कान एकाच्या दुमडलेल्या पँटच्या घडीत निघाला. रोकडे यांनी तो कपाला लावून बघितला, नीट बसतोय याची खात्री केली आणि मगच सगळं कचऱ्यात टाकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वस्तू फुटली तर तिचे किती तुकडे झाले हे कोणालाच माहीत नसतं. ती परत पुरी झाली, तरच सगळे सापडले म्हणायचं.

इतकी वर्षं मी याद्या करते. यादीत नसलेली वस्तू हरवली आहे हे कसं ओळखायचं, ते मला त्या टेबलाशी पहिल्यांदा दिसलं.

हिवाळा संपत आला की गावातल्या बायका डांबरावर वाल वाळत घालत. काळं डांबर तापतं, दाणा लवकर सुकतो, त्यांचंही बरोबर. रोकडे त्यांना बाजूच्या जुन्या रस्त्यावर जागा आखून द्यायचे. एकदा एक म्हातारी पट्टीवरच चादर पसरून बसली आणि उठेना.

"तुज्या बापाची पट्टी हाय का रं?"

"बापाची नाय गं आये. पन सकाळी इमान येनार हाय. तुजे वाल खाऊन त्याला बाधलं तर औषीद कोन देनार?"

म्हातारी हसली आणि उठली. चादरीची दोन टोकं तिनं धरली, दोन यांनी. त्यानंतर मात्र रोकडे दिवस मावळेपर्यंत त्या जागेवर उकिडवे बसून एकेक दाणा वेचत होते.

अठ्ठ्याहत्तर साली जेट आलं. हवाई दलानं सेवेतून काढलेलं, पोरांना शिकवायला म्हणून संस्थेला दिलेलं जुनं लढाऊ विमान. तोपर्यंत आमच्याकडे पंख्याची लहान विमानंच होती. रोकडे यांनी जेटला एक फेरी मारली. पुढे इंजिनासाठी हवा ओढून घेणारं त्याचं तोंड होतं, जमिनीपासून फार उंच नसलेलं. त्यात त्यांनी बराच वेळ वाकून पाहिलं. मग मला म्हणाले, "बाई, रेडा हुंगून खातो. ह्ये हुंगत नाय."

जेटबरोबर मेहरा साहेब आले. पन्नाशी ओलांडलेले, उंच, आवाज मोठा, राग नाकावर. नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत त्यांनी याच जातीची विमानं उडवली होती. आमच्याकडे ते शिकवायला होते, आणि अधूनमधून लहान विमानं उडवत. त्यांच्या पहिल्याच उड्डाणाला रोकडे यांनी पट्टीवर हात आडवा धरला. मेहरा साहेब इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं बसले आणि मग उतरून शिव्या देत चालत आले. रोकडे यांनी त्यांना डांबराच्या भेगेत शिरलेली, टोक वर आलेली एक वीतभर तार दाखवली आणि पक्कड घेऊन ती काढायला लागले. मेहरा साहेब तिथेच गुडघ्यावर बसले आणि तार धरली.

त्या दिवसापासून उड्डाणाची खरी परवानगी रोकडे द्यायचे. कागदावर सही संचालकांची असे. पण मेहरा साहेब विमानात बसले की काच ओढण्याआधी त्यांना येणारं एकुलतं एक मराठी वाक्य बोलत, "रोकडे, पट्टी कशी आहे?" आणि रोकडे पट्टीच्या कडेला ठरलेल्या जागी उभे राहून ओरडत, "साफ हाय, साहेब!" त्यानंतरच काच बंद व्हायची. रोकडे आजारी असले तर मेहरा साहेब उडत नसत. सबब काहीही सांगत, पण उडत नसत.

रोकडे यांना या गोष्टीचा अभिमान होता. तो त्यांनी एकदाच बोलून दाखवला. त्यांचे वडील छप्पन साली गावातल्या सगळ्यांबरोबर बौद्ध झालेले. त्याआधी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहिलेले. रोकडे म्हणाले, "माजा बाप सांगायचा, आपल्या बोलन्यावर कुनी पानीबी भरलं नाय. हितं मान्सं माज्या बोलन्यावर हवेत जातात."

संस्थेत खंडेनवमीला हत्यारांची आणि विमानांची पूजा व्हायची. रोकडे पूजेला हात जोडत नसत, पण हजर मात्र असत, कारण नारळ. त्यांनी नारळासाठी हँगरच्या कोपऱ्यावरचा दगड ठरवून दिला होता. त्यावर गोणपाट अंथरायचं आणि त्यातच नारळ फोडायचा, म्हणजे करवंटी बाहेर उडणार नाही. इस्माईल म्हणायचा, "देवाला बी गोणपाटात बांधलास काय रं?" रोकडे म्हणायचे, "देव सुटा ऱ्हाऊ दे. करवंटी बांधलेली बरी." नंतर गोणपाट उघडून ते करवंटी जोडून बघत, आणि खोबरं इस्माईलच्या पोरांना देत.

ब्याऐंशी साली संस्थेचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. पोरांनी तीन वर्षं जेट उघडून, शिकून, परत जोडलं होतं. ते एकदा उडवायचं, एक फेरी मारून उतरवायचं, असं मेहरा साहेबांच्या मनात होतं. परवानग्यांची जाडजूड फाइल मीच केली. कार्यक्रमाचा कागदही माझाच. क्रमांक एक, धावपट्टी तपासणी. क्रमांक सहा, विमानपूजन, हँगरच्या कोपऱ्यावर. क्रमांक सात, भाषण. क्रमांक आठ, उड्डाण, सव्वाअकरा.

त्या सकाळी रोकडे यांनी तीनऐवजी चार खेपा केल्या, वहीत सही केली, आणि मी क्रमांक एकवर खूण केली.

क्रमांक सहाला फोटोग्राफर म्हणाला, इथे मागे नुसते पत्रे येतात, विमान दिसलं पाहिजे. शेठजी म्हणाले, "मग तिकडंच करू की." विमान पट्टीच्या टोकाला उभं होतं. सगळी मंडळी तिकडे निघाली. रोकडे गोणपाट घेऊन धावत आले. गुरुजींच्या शेजारी उभ्या असलेल्या कोणीतरी हात पुढे करून त्यांना अडवलं. "अरे, तू मागे थांब. पूजा चाललीय ना?"

ते थांबले. गोणपाट काखेत धरून.

शेठजींनी नारळ विमानाच्या पुढच्या चाकाजवळ, उघड्या डांबरावर आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. लोक हसले. दुसऱ्यांदा त्यांनी जोर लावला आणि तो चारी दिशांना फुटला. टाळ्या झाल्या, फोटो झाला.

मंडळी बाजूला होताच रोकडे उकिडवे बसले. वेचलं, गोणपाटावर जोडलं, परत विमानाखाली जाऊन शोधलं. मग माझ्याकडे आले.

"बाई, एक गावत नाय."

"केवढा?"

त्यांनी अंगठा आणि बोट लांब करून दाखवलं. "एवढा आसंल. डोळ्यांकडचा हाय."

"गवतात उडाला असेल."

"आसंल. पन आसंल म्हून चालत नाय. दोन मिन्टं थांबवा साहेबास्नी. दोन मिन्टं."

मी कागद बघितला. आम्ही दहा मिनिटं मागे होतो. शेठजींना दीडपर्यंत पुण्याला पोचायचं होतं. लोक दोरी ओलांडून पुढे येत होते.

मी म्हटलं, "मी सांगते संचालकांना. तुम्ही आधी ती माणसं दोरीमागे घ्या."

ते गेले. मी सांगितलं म्हणून गेले. मी संचालकांकडे वळले. ते शेठजींच्या खुर्चीशी वाकले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, उशीर होतोय, भाषण नंतर. उड्डाण घ्या." मी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच घडलं. यापेक्षा जास्त काही घडलं असतं तर सांगायला सोपं झालं असतं.

इंजिन सुरू झालं. मेहरा साहेबांनी ठरलेल्या जागेकडे बघितलं. तिथे रोकडे नव्हते. ते गर्दीत होते, माझ्या कामावर. साहेबांची नजर फिरली आणि माझ्यावर आली. मी कार्यक्रमाची बाई, कागद माझ्या हातात.

मी मान हलवली.

काच बंद झाली.

विमान पट्टीच्या अर्ध्याच्या पुढे गेलं असेल तेव्हा आवाज बदलला. मोठा ठोका बसल्यासारखा झाला आणि शेपटीतून जाळ निघाला. उडायला वेग नव्हता, थांबायला पट्टी नव्हती. ते टोकाच्या चरावरून खालच्या भातखाचरात गेलं, बांधावर आपटून उलटलं आणि पेटलं. इस्माईलचा बंब निघाला, पण रोकडे त्याच्या आधी पोचले होते. कसे, ते मला आजही कळत नाही. उघड्या हातांनी काच ओढत होते. इस्माईलनं त्यांना कमरेला धरून मागे खेचलं. मेहरा साहेब आत होते.

रोकडे यांच्या उजव्या हाताची बोटं भाजली आणि नंतर पुरती मिटेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी मेहरा साहेबांच्या पत्नी आल्या. साहेबांच्या वस्तूंची यादी मी केली होती. त्यांनी सही केली आणि विचारलं, पट्टी कोण बघतं? रोकडे बाहेर बाकावर बसले होते, हात बँडेजमध्ये. उठून उभे राहिले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"वो घर पे आपका नाम लेते थे. कहते थे, रोकडे ने देख लिया तो बस. उस दिन आपने क्यों नहीं देखा?"

"देखा था, मेमसाब."

"तो फिर?"

रोकडे यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या बाईंच्या चपलांकडे बघत उभे राहिले. बाई निघून गेल्या.

चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. एका वर्गात टेबल मांडलं. टिपण घ्यायला संचालकांनी मला बसवलं. इंजिनाची पाती तुटली होती, बाहेरची कठीण वस्तू आत गेली एवढं त्यांनी आधीच ठरवलं होतं. पूजा कुठे झाली, या प्रश्नावर संचालक म्हणाले, हँगरच्या कोपऱ्यावर, आणि माझा कार्यक्रमाचा कागद पुढे केला. त्यावर तसंच लिहिलेलं होतं. फोटोग्राफरचा रोल कुठे गेला, मला माहीत नाही.

मग रोकडे यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, पूजा पट्टीवर झाली आणि करवंटीचा एक तुकडा सापडला नव्हता. अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं विचारलं, "तुकडा नाही हे तुम्हाला माहीत होतं. मग कोणाला सांगितलंत?"

माझं पेन कागदावर होतं. माझ्या घरात मी एकटी कमावती. वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी शिकत होत्या. हे रोकडे यांना माहीत होतं, कारण वडिलांना बघायला ते दोनदा कर्जतला आले होते.

रोकडे गप्प राहिले. बराच वेळ. अधिकाऱ्यानं परत विचारलं. ते पुन्हा थांबले.

"नाय," ते म्हणाले. "कुनाला नाय सांगितलं."

मी लिहिलं: वस्तू शिल्लक असल्याचे माहीत असूनही कोणालाही कळविले नाही. माझं अक्षर चांगलं आहे. टाइप करायची गरज पडली नाही, तेच पान जोडलं गेलं.

एप्रिलमध्ये त्यांना काढलं. निघताना डबा जमा करायला भांडारात न जाता माझ्याकडे आले. मी डबा घेतला, वहीत जमा लिहिला. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. इस्माईल बाहेर उभा होता, त्याला रडू आवरत नव्हतं. "काशा, आता माज्या गाडीचे पार्ट कोन वेचनार रं?" रोकडे म्हणाले, "गाडी घट्ट कर," आणि चालू लागले.

त्यांच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं माहेर कळंबचं. तिथे ते राहायला गेले आणि मुंबईच्या कोणा माणसाच्या रिकाम्या प्लॉटची राखण करू लागले. हे इस्माईलकडून कळलं. मला जायला चार वर्षं लागली. शहाऐंशीच्या डिसेंबरात गेले. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सुभद्राबाईंनी चहा केला. रोकडे केस पांढरे होऊन, बारीक होऊन समोर बसले. वडिलांची चौकशी केली. वडील गेले, असं मी सांगितलं. बहिणींची लग्नं झाली, हेही सांगितलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मग आता तुमी मोकळ्या."

सुभद्राबाई पाणी आणायला विहिरीवर गेल्या तेव्हा मी म्हटलं, "रोकडे, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

ते म्हणाले, "घेनार नव्हतो, असं नाय. मी वाट बघत व्हतो, बाई."

"कशाची?"

"तुमी लिवता लिवता थांबाल म्हून. त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही टायमाला थांबलो. तुमी पेन घेऊन बसलेल्या. मंग म्हटलं, ह्या नाय थांबत. मी तुमचं नाव घेतलं आन् तुमी नाय म्हनालात, तर मी खोटा ठरनार. त्यापरीस आपनच नाय म्हनावं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता असं मी लिहिणार नाही. होता. चार वर्षं जपून ठेवलेला, पण ज्याच्याशी भांडायचं ते माणूस घरी चहा प्यायला आलेलं, म्हणून आवरलेला.

मी म्हटलं, मी चौकशी करणाऱ्या खात्याला अर्ज करते, खरं काय ते लिहून देते. नोकरीचं बघू.

"नोकरी आता काय करायची? हात चालत नाय. अर्ज नको. त्या मेमसाबना लिवा."

"मेहरा बाईंना?"

"हां. मी सांगितलं व्हतं, येवढं लिवा. मी बघितलं, मला समजलं, आन् मी सांगितलं. येवढंच. बाकी मान्सं काय म्हनत्यात त्याचं मला काय नाय. पन साहेबांच्या घरात माजं नाव घेत व्हते. त्या घरात आता काय म्हनत आसतील?" आणि मग, "तुमच्या अक्षरात लिवा. दुसऱ्या कुनी लिवलं तर त्यांना पटनार नाय."

मी हो म्हटलं. महिन्याच्या आत लिहिते, असंही म्हटलं.

ते मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडीला उशीर होता. गाडी आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "बाईंना कर्जतला चार फाट्यावर उतरवा, लक्षात ठेवा, तिथनं त्यांचं घर जवळ हाय." मी खिडकीशी बसले. ते गाडी निघेपर्यंत थांबतील असं मला वाटलं होतं, पण ते वळून चालू लागले होते. उजव्या हाताची बोटं मिटत नसल्यामुळे त्यांना दुसऱ्या हाताच्या बाहीचं बटण लावता येत नसावं. ती बाही उघडीच होती आणि चालताना हलत होती. एकदा त्यांनी ती वर सारली. ती परत खाली आली. मग त्यांनी तिचा नाद सोडला.

पुढच्या श्रावणात ते गेले. इस्माईल जाऊन आला. मी गेले नाही, परीक्षांचे दिवस होते.

मेहरा बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे. त्या देहरादूनला भावाकडे असतात, हेही मी विचारून ठेवलं आहे. अंतर्देशीय पत्र ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर पत्ता लिहून झाला आहे. पहिलं वाक्यही ठरलं आहे: रोकडे यांनी त्या दिवशी मला सांगितलं होतं. त्यानंतर, मग तुम्ही काय केलंत, असं त्या विचारतील, म्हणून दुसरं वाक्य लिहावं लागतं. मेहरा साहेबांनी शेवटचं माझ्याकडे बघितलं होतं आणि मी मान हलवली होती, हे त्या वाक्यात यावं लागतं.

कामांच्या यादीत हे काम मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्या पानावर उतरवून घेते. पत्र अजून लिहायचं आहे.